बुधच्या सुखात्म्यांची सरासरी

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

आमच्या विंगमध्ये यंदा एक नवल घडलं. फायनलच्या एका सीनियरनं कॅम्पसमधून हातात आलेली नोकरी सोडली आणि पीएच.डी.चा रस्ता धरला. विषय काय, तर विमा आणि वित्तव्यवहारासाठी लागणारं उपयोजित गणित! मेसमध्ये आठवडाभर दुसरी चर्चा नाही. कुणी म्हणालं, विम्यात कसलं आलंय गणित, ते एजंटाचं काम. कुणी चार वर्षांच्या बुडालेल्या पगाराचा हिशोब मांडला. जतच्या एका पोरानं मात्र अगदी सरळपणे विचारलं, की एवढं शिकून त्याचा आमच्या गावाकडं काही उपयोग आहे का? सीनियर हसला, आमटीत भाकरी कुस्करत थोडा वेळ गप्प बसला आणि विषय बदलला.

मला त्या रात्री बुध गाव आठवलं. सांगलीहून विटा, मायणी, वडूज करत आमची एस.टी. पुसेगावला पोचते. सेवागिरी महाराजांच्या यात्रेमुळे पुसेगाव सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच्या पलीकडे बुध. खटाव तालुक्यातलं, म्हणजे पावसानं कायम हातचं राखून वागवलेलं गाव. जतच्या पोरानं विचारला तोच प्रश्न या गावात जन्मलेल्या एका माणसाला, पीएच.डी. खिशात असताना, पंडित मदनमोहन मालवीयांनी विचारला होता. त्याला उत्तर देता आलं नाही, आणि नोकरीही मिळाली नाही. पुढची साठ वर्षं तो माणूस त्या प्रश्नाचं उत्तर शोधत होता असं म्हटलं तर फार वावगं होणार नाही.

त्यांचं नाव पांडुरंग वासुदेव सुखात्मे. आपल्याकडं मेकॅनिकलच्या मुलांना सुखात्मे म्हटलं की उष्णता संक्रमणाचं आणि सौर ऊर्जेचं पुस्तक आठवतं. ते सुहास सुखात्मे. मी सांगतोय ते संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी पीक विमा भरतात, त्यांचा या माणसाशी रोखीचा संबंध आहे, आणि तो बहुतेकांना माहीत नाही.

सुखात्म्यांचा जन्म २७ जुलै १९११ चा. शिक्षण पुण्यात झालं, फर्ग्युसन कॉलेजातून गणित घेऊन १९३२ ला ते पदवीधर झाले. १९३३ मध्ये, म्हणजे बाविसाव्या वर्षी, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले. योग असा, की त्याच वर्षी तिथला संख्याशास्त्राचा जुना विभाग दुभंगला होता. कार्ल पिअर्सन निवृत्त झाले आणि त्यांच्या एका खुर्चीच्या दोन खुर्च्या झाल्या. एकीवर त्यांचे चिरंजीव इगॉन पिअर्सन, दुसरीवर रोनाल्ड फिशर. दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. इमारत एक, चहाची खोली एक, पण वेळा वेगळ्या! चार वाजता पिअर्सनच्या लोकांचा चहा. ती मंडळी उठून गेली की साडेचारला फिशरची मंडळी यायची. आपल्या मेसमध्येही दोन गट एकमेकांची ताटं टाळत जेवतात, पण तिथं भांडण विसाव्या शतकातल्या संख्याशास्त्राच्या पायाबद्दल होतं. १९३४ ला पोलंडहून येर्झी नेमन आले आणि पिअर्सनच्या बाजूला बसले. भांडणाला आणखी धार चढली.

अशा ठिकाणी खटावचा हा मुलगा शिकला, आणि दोन्हीकडून शिकला. पीएच.डी. १९३६ ला पिअर्सन-नेमन यांच्या विभागातून झाली. पण फिशरच्या एका वादग्रस्त कसोटीसाठी लागणारी कोष्टकंही त्यांनीच गणित करून तयार केली, आणि ती फिशर-येट्सच्या प्रसिद्ध कोष्टकांच्या पुस्तकात गेली. तेव्हा काँप्युटर नव्हता, हाताने फिरवायचं यंत्र होतं. १९३९ ला त्यांना डी.एस्सी. मिळाली. कोणत्या टेबलावर चहा प्यायचा यावरून माणसं ओळखली जात होती, तिथं दोन्ही टेबलांवर आपलं काम ठेवून येणं सोपं नसणार.

त्यांनी नेमकं काय केलं हे सांगायचा प्रयत्न करतो. परीक्षेत विचारणार नाहीत, घाबरू नका. समजा सातारा जिल्ह्यात हेक्टरी सरासरी पीक किती आलं हे काढायचंय. सगळी शेतं मोजणं अशक्य, म्हणून काही शेतं निवडून मोजायची. पण जिल्हा एकसारखा थोडाच आहे? जावळी-पाटणकडं धो धो पाऊस, कराडला कृष्णाकाठची बागायत, माण-खटावला कोरडा माळ. मग जिल्ह्याचे असे थर पाडायचे. प्रत्येक थरातून किती शेतं घ्यायची? साधा माणूस म्हणेल, जिथं क्षेत्र जास्त तिथून जास्त. नेमननी दाखवलं की तेवढं पुरत नाही. जिथं शेताशेतांत फरक जास्त, तिथून नमुने जास्त घ्यायचे. कृष्णाकाठची दहा शेतं पाहिली तर दहाही सारखीच दिसतील. खटावात मात्र एका शेताला विहीर असते आणि बांधापलीकडच्याला नसते, तिथं दहा शेतांची दहा तऱ्हा. जिथं एकसारखेपणा आहे तिथं थोडक्यात भागतं, जिथं चढउतार आहेत तिथं जास्त विचारपूस करावी लागते.

आता अडचण अशी, की कुठं किती चढउतार आहेत हे मोजणीआधी कसं कळणार? सुखात्म्यांनी १९३५ च्या त्यांच्या लेखात हाच प्रश्न घेतला. आधी छोटा नमुना घ्यायचा, त्यावरून चढउतारांचा अंदाज बांधायचा, आणि त्या कच्च्या अंदाजावर मुख्य मोजणीची वाटणी करायची. अंदाज कच्चा असला तरी बहुतेक वेळा नुसत्या क्षेत्राच्या प्रमाणात वाटण्यापेक्षा हे बरं पडतं, असं त्यांनी गणितानं दाखवलं. लंडनमध्ये बसून केलेलं काम, पण मला तरी ते वाचताना खटावच दिसतो.

परत आल्यावर नोकरीसाठी ते बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या मालवीयांकडे गेले. मालवीयांनी काय शिकून आलात ते विचारलं. सुखात्म्यांनी नमुन्यांचे सिद्धांत, कसोट्या, वितरणं असं सगळं सांगितलं. मालवीयांनी मग एवढंच विचारलं की देशातल्या भुकेल्या, गरीब माणसाला यातून काय मिळणार. सुखात्म्यांकडं त्यावर काही नव्हतं. इंटरव्ह्यूमध्ये फजिती आपल्यातल्या कितीतरी जणांची होते, आणि आपण विचारणाऱ्याला शिव्या घालून मोकळे होतो. सुखात्मे ही गोष्ट पुढं स्वतःच सांगत राहिले.

कलकत्त्याच्या आरोग्य संस्थेत वर्षभर प्राध्यापकी करून १९४० मध्ये ते दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत, म्हणजे आजच्या आय.सी.ए.आर.मध्ये, संख्याशास्त्र विभागात रुजू झाले. वय एकोणतीस. इथं त्यांना उत्तराची पहिली खूण सापडली, आणि ती एका अगदी जुन्या, आपल्या ओळखीच्या शब्दात होती. आणेवारी.

आणेवारी शेतकऱ्याच्या पोराला समजावून सांगायला नको. पीक सोळा आणे की आठ आणे, हे महसूल खात्याचा माणूस बांधावर उभा राहून नजरेनं ठरवायचा. ठरलेलं सर्वसाधारण उत्पन्न, गुणिले क्षेत्र, गुणिले ही आणेवारी, की झाला जिल्ह्याचा धान्याचा आकडा. अशा आकड्यांची बेरीज करून सरकार देशात किती धान्य आहे ते सांगायचं. नजर कितीही अनुभवी असली तरी ती कुणाची आहे, समोर कोण उभं आहे, वसुली माफ होणार आहे की नाही, याचा परिणाम होणारच. शांततेच्या काळात हे खपून गेलं. १९४३ ला बंगालात दुष्काळ पडला, लाखो माणसं मेली, आणि धान्य नक्की आहे किती याचा भरवशाचा आकडा सरकारकडं नव्हता.

सुखात्मे आणि त्यांचे सहकारी व्ही. जी. पानसे यांनी नजरेच्या जागी दोरी आणली. वऱ्हाडात अकोल्याला कापसावर, उत्तरेत गव्हावर प्रयोग झाले. पद्धत वरकरणी पोरखेळासारखी वाटते. तालुक्यातली गावं यदृच्छ आकड्यांनी निवडायची, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी. गावातले सर्व्हे नंबर तसेच. मग शेतात जाऊन नैऋत्य कोपऱ्यावर उभं राहायचं, लांबी-रुंदी पावलांनी मोजायची, यदृच्छ आकड्यांची जोडी घ्यायची, तितकी पावलं लांबीकडून, तितकी रुंदीकडून चालायची आणि जिथं पाय थांबेल तिथं खुंटी ठोकायची. तिथून ३३ फूट बाय साडेसोळा फुटांचा चौकोन, म्हणजे एकराचा ऐंशीवा भाग. आता बऱ्याच पिकांना तो १० मीटर बाय ५ मीटर असतो. चौकोन काटकोनात आहे का हे बघायला कर्ण मोजतात, तो ११.१८ मीटर भरला पाहिजे. (पायथागोरस दहावीनंतर कुठं लागतो, असं विचारणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) आतलं पीक कापायचं, मळायचं, वाळवायचं, तोलायचं. शेतकरी म्हणेल इथं नको तिथं घ्या, साहेब म्हणेल तिथं नको इथं घ्या, तर ऐकायचं फक्त आकड्याचं.

यावरून एक मोठा वाद झाला, आणि तो प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी. महालनोबिस म्हणजे कलकत्त्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेचे संस्थापक, भारतातल्या नमुना पाहणीचे भीष्माचार्य. त्यांचं म्हणणं, छोटे छोटे तुकडे कापा, पण पुष्कळ ठिकाणी कापा, आणि त्यासाठी स्वतंत्र, शिकवलेली माणसं नेमा. खर्च तोच, नमुने जास्त. तर्क बिनतोड होता. सुखात्म्यांनी १९४६ मध्ये नेचर या नियतकालिकात दाखवलं की शेतात तो मोडतो. तुकडा छोटा असला की उत्पन्न सातत्यानं जास्त येतं.

का येतं, हे इंजिनियरला दोन ओळींत कळेल. दहा बाय पाचच्या चौकोनाचा घेर ३० मीटर, क्षेत्र ५० चौरस मीटर. चौरस मीटरमागं ०.६ मीटर कड. दोन फूट त्रिज्येचं वर्तुळ घेतलं तर चौरस मीटरमागं जवळजवळ ३.३ मीटर कड येते, पाचपटीहून जास्त. आणि घोळ सगळा कडेला होतो. दोरीवर आलेलं ताट आत धरायचं की बाहेर? कापणाऱ्याचा हात नकळत ते आत ओढतो. भरलेलं कणीस बाहेर टाकवत नाही कुणाला. कुणी लबाडी करत नाही, तरी प्रत्येक वेळी चूक एकाच बाजूला जाते. अशी चूक हजार तुकडे कापले तरी कमी होत नाही. महालनोबिसांच्या बाजूला नमुन्यांची संख्या होती, सुखात्म्यांच्या बाजूला माणसाचा हात ओळखणं होतं. शेवटी देशभरच्या पीक कापणीसाठी सुखात्म्यांच्या परिषदेची पद्धत चालली, मोठा चौकोन आणि गावपातळीवरचा सरकारी नोकर. महालनोबिसांची स्वतंत्र माणसांची सूचना तेवढ्यावर निकालात निघाली असं मात्र मला वाटत नाही. ती का, ते शेवटी येईल.

दिल्लीत सुखात्म्यांनी आणखी एक काम केलं, ते कागदोपत्री कमी दिसतं. १९४५ पासून त्यांच्या विभागात कृषी संख्याशास्त्राचे रीतसर अभ्यासक्रम सुरू झाले. पुढं त्याच विभागाची मोठी संशोधन संस्था झाली. १९४७ ला राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली भारतीय कृषी संख्याशास्त्र परिषद निघाली, तिचे सचिव सुखात्मे. पानशांबरोबर शेतीतल्या कार्यकर्त्यांसाठी लिहिलेलं पुस्तक आणि नमुना पाहणीवरचा स्वतःचा ग्रंथ, दोन्ही १९५४ ची. लंडनला एकटा मुलगा शिकायला गेला होता. वीस वर्षांत तेच शिक्षण दिल्लीत मिळू लागलं.

१९५१ ते १९७० ते रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे संचालक होते. या काळातली एकच गोष्ट सांगतो. तेव्हा जगातली दोन तृतीयांश माणसं उपाशी आहेत असं मोठमोठी माणसं बोलत होती. १९६१ मध्ये सुखात्म्यांनी लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढं हिशोब मांडला: पोटाला कमी पडणारे १० ते १५ टक्के, आणि त्यात निकृष्ट आहारवाले धरले तर फार तर निम्मं जग. भूक कमी दाखवली म्हणून काहींना राग आला. सोसायटीनं १९६३ ला त्यांना गाय पदक दिलं. भारतात प्रथिनांच्या टंचाईचा गाजावाजा चालू होता तेव्हाही त्यांनी आकड्यांनी दाखवलं, की आपली भाकरी-डाळ पोटभर मिळाली तर प्रथिनं आपोआप पुरतात, कमी पडतं ते पोटभर. खेड्यातल्या आईला हे कुणी विचारलं असतं तर तिनंही सांगितलं असतं, पण तिचं ऐकायला आंतरराष्ट्रीय समिती कशाला बसेल!

१९७० नंतर ते पुण्याला आले. १९७१ ला पद्मभूषण मिळालं. इथं गाठ पडली वि. म. दांडेकरांशी. दांडेकरही साताऱ्याचेच, जन्म १९२० चा, तेही संख्याशास्त्रज्ञ, आणि तेव्हा गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक. महाराष्ट्राला ते अनुशेषाच्या दांडेकर समितीमुळे माहीत आहेत. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ ला माणशी रोज २२५० उष्मांकांची रेघ धरून देशातली गरिबी मोजली होती. सुखात्म्यांचा आक्षेप असा, की २२५० ही सरासरी आहे. माणसाची गरज माणसागणिक बदलते, एवढंच नव्हे तर एकाच माणसाचीही आठवड्यागणिक वरखाली होते आणि शरीर ते सांभाळून घेतं. मग सरासरीच्या खाली जो जो आहे तो उपाशी कसा? रेघ बरीच खाली ओढली पाहिजे. रेघ खाली गेली की गरिबांची संख्याही झरकन खाली येते.

दांडेकरांनी १९८२ मध्ये यावर कडक टीका केली, आहारशास्त्रज्ञांनीही केली. इथं मला सुखात्म्यांच्या बाजूनं उभं राहणं जड जातं. सरासरीवर आंधळा विश्वास ठेवू नका हे त्यांचं म्हणणं आयुष्यभर खरं होतं. पण कमी खाऊन जो जगतो, त्याचं शरीर खरंच जुळवून घेतं, की तो कमी काम करून, कमी वाढून, कसाबसा टिकतो? खटावच्या माळावर मोलमजुरी करणाऱ्या माणसाला सांभाळून घेणारं शरीर आहे म्हणून तो गरिबांच्या यादीतून बाहेर, हा निष्कर्ष गळी उतरत नाही. मालवीयांच्या प्रश्नाला धरून निघालेला माणूस शेवटी तिथं पोचावा याचं वाईट वाटतं. तो मुद्दाम पोचला नाही, त्याच्या गणितानं त्याला तिथं आणलं, हे जास्त विचार करायला लावतं.

आणि गंमत बघा. सुखात्म्यांच्या दोरीचा विम्यासाठी वापर सुचवला तो याच दांडेकरांनी.

आपल्याकडं १९७२ पासून गुजरातेत एच-४ कापसावर सरकारी विमा कंपनीनं प्रयोग केला होता. प्रत्येक शेतकऱ्याचा वेगळा विमा, प्रत्येकाच्या नुकसानीची वेगळी पाहणी. १९७८ पर्यंत जेमतेम ३११० शेतकरी आले. हप्ते जमले ४.५४ लाख, भरपाई द्यावी लागली ३७.८८ लाख. बुडणारच होतं. गाडीचा किंवा आयुष्याचा विमा चालतो कारण जोखमीचे जुने आकडे असतात. एकेका शेताचे वीस वर्षांचे आकडे कुणाकडं आहेत? ज्याला आपलं पीक जाणार हे ठाऊक तोच विमा घेणार. आणि विमा आहे म्हटल्यावर फवारणी चुकली तरी चालतंय असंही होणार.

दांडेकरांनी १९७६ मध्ये मांडलं, की एकेका शेताचा नाद सोडा. सारखं हवापाणी असलेला परिसर घ्या. त्या परिसराची सरासरी ठरावीक पातळीच्या खाली गेली की तिथल्या सगळ्या विमाधारकांना त्याच प्रमाणात भरपाई द्या. नुकसान बघायला कुणाच्या बांधावर जायला नको. एकट्यानं हयगय करून सरासरी हलत नाही, त्यामुळं लबाडीला जागा नाही. आणि सरासरी कुठून आणायची? ती तर यदृच्छ पीक कापणीतून दर हंगामात येतच होती. १९७९ ला पथदर्शी योजना, १९८५ ला सर्वंकष पीक विमा योजना, १९९९ ला राष्ट्रीय कृषी विमा योजना आणि २०१६ पासूनची पंतप्रधान पीक विमा योजना, सगळ्यांच्या तळाशी हीच कल्पना आहे. भुकेच्या रेघेवरून जे दोघं भांडले, त्यांची कामं शेतकऱ्याच्या खात्यात अशी एकत्र आली.

आपल्या भाषेत हिशोब असा. महसूल मंडळातल्या गेल्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी समजा हेक्टरी १५०० किलो. जोखीमस्तर ७० टक्के, म्हणून उंबरठा उत्पन्न १०५०. यंदा पीक कापणीतून ८४० आलं. तूट २१०, म्हणजे उंबरठ्याच्या २० टक्के. विमा संरक्षित रक्कम ५०,००० असेल तर १०,००० रुपये. तुमच्या शेतात एक दाणा आला नसेल तरी तेवढेच, आणि तुमचं पीक उत्तम असलं तरीही तेवढेच.

तीन वर्षांपूर्वी आमच्या घरी याचा अनुभव आला. आमच्या माळाच्या अंगाला ऑगस्टभर पाऊस हुकला, मंडळाच्या खालच्या अंगाला झाला. सोयाबीन शेंगेत भरलंच नाही. मंडळाची सरासरी उंबरठ्याच्या वर राहिली. आबांना काही मिळालं नाही. आबा दोन दिवस मोबाइलवरचे मेसेज बघत होते. मी त्यांना परिसर, सरासरी, उंबरठा असं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, की मग आपण हप्ता मंडळाच्या नावानं भरायला पाहिजे होता.

पण मला जास्त खुपतं ते दुसरंच. सुखात्म्यांची पद्धत जिल्ह्यासाठी आखलेली होती. समजा शेताशेतांत ४० टक्के विचलन आहे. जिल्ह्यात १०० प्रयोग केले तर सरासरीची प्रमाण त्रुटी ४० भागिले वर्गमूळ १००, म्हणजे ४ टक्के. धान्याचा अंदाज काढायला झकास. विम्यासाठी मात्र मंडळ घेतलं, आणि मंडळाला प्रयोग १०. त्रुटी झाली साडेबारा टक्क्यांच्या वर. गावपातळीवर ४ प्रयोग केले तर सरळ २० टक्के. परिसर लहान केला तर सरासरी शेतकऱ्याच्या जवळ येते, पण तीच सरासरी डळमळीत होते. प्रयोग वाढवावेत तर माणसं कुठून आणायची? उपग्रहाच्या अंदाजांनाही आता काही पिकांत वजन देतात ते यासाठीच. आमचा सीनियर पीएच.डी.ला नेमकं काय करणार ते मी नंतर त्याला विचारलं. त्याचा विषय याच्या आसपासचाच निघाला. मेसमध्ये सांगायला त्याला जमलं नव्हतं एवढंच.

सुखात्मे २८ जानेवारी १९९७ ला पुण्यात गेले. दांडेकर त्याच्या दीड वर्ष आधी, जुलै १९९५ मध्ये. २०२५ च्या खरिपात महाराष्ट्रानं एक रुपयातला विमा बंद केला आणि भरपाई पीक कापणीतून निघणाऱ्या उत्पन्नावर आणून ठेवली, तेव्हा त्या दोरीचं वजन आणखी वाढलं.

त्याच खरिपाची कापणी मी दिवाळीच्या सुट्टीआधी एक दिवस घरी गेलो तेव्हा बघितली. चिठ्ठीत आमच्या भावकीतल्या एकाचा गट नंबर आला होता. कृषी सहायक आले, विमा प्रतिनिधी आला, पोलीस पाटील आणि गावातली दहा-बारा माणसं. आकड्यानं कोपरा सापडला तो नेमका पाणथळ तुकड्याजवळ, निम्मा चांगल्या रानात, निम्मा पिवळ्या पडलेल्यात. प्रतिनिधी म्हणाला, इथं नको, वरती घेऊ. गावातले म्हणाले, आणखी खाली घ्या, खाली खरं नुकसान आहे. दोघंही आपापल्या परीनं दोरी ओढत होते, आणि मधे उभ्या असलेल्या सहायकाला दोघांच्याही तोंडाला तोंड द्यायचं होतं. मला महालनोबिस आठवले, स्वतंत्र माणूस नेमा म्हणणारे. सहायकांनी मोबाइलवरचा आकडा दोघांना दाखवला, परत पावलं मोजली आणि खुंटी तिथंच ठोकली. मी टेप धरला. कर्ण ११.३० आला. एक कोपरा सरकवून परत मोजला, ११.१८.

बाया कापायला बसल्या. कडेच्या दोरीवर एक झाड बरोबर मधोमध होतं. मूळ आत, फांदी बाहेर. सगळे वाकून बघायला लागले. ज्याचं मूळ आत ते आत, असं सहायक म्हणाले. झोडून, पाखडून, ताडपत्रीवरचं धान्य काट्यावर चढलं. वजन मोबाइलमध्ये भरलं, फोटो निघाला, सगळ्यांच्या सह्या झाल्या. मंडळातली अजून नऊ ठिकाणं राहिली होती.